कोविडच्या आरएनए लशी झाल्या, नोबेल झालं. आरएनएच्या रासायनिक बदलांत संशोधन करण्यासारखं आता काय उरलंय?

भरपूर उरलंय. मी याच विषयात पीएचडी करतोय, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.

आरएनए म्हणजे जनुकातला निरोप पेशीत पोचवणारा रेणू, आणि तो भलता नाजूक. पहिल्याच महिन्यात माझ्या जेलवर (रेणू आकारानुसार वेगळे करणारा थर) दोन ठसठशीत पट्टे यायला हवे होते, तिथे नुसता ओघळ दिसला, म्हणजे आरएनए तुटलेला. कारण काय, तर मोबाइल उचललेल्या हातमोज्यानेच मी नमुना हाताळला होता. आरएनए तोडणारी एन्झाइम आपल्या त्वचेवरही असतात आणि रक्तातही. त्यातून निभावून तो पेशीत पोचलाच, तर पेशीला वाटतं विषाणू घुसला.

आरएनएच्या चार अक्षरांपैकी यूरिडिनच्या जागी त्याचंच किंचित वेगळं रूप, स्यूडोयूरिडिन, घातलं की पेशीचा हा संशय बराच निवतो, हे पुढे नोबेल मिळालेल्या कारिको आणि वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं. हा रेणू आपल्या टीआरएनएत (प्रथिनासाठी अमिनो आम्लं वाहून आणणारा आरएनए) मुळातच असतो. अणू सगळे तेच, फक्त बेस (अक्षराचा ओळख देणारा भाग) साखरेला नायट्रोजनऐवजी कार्बनने जोडलेला. म्हणजे वस्तुमानही तेच! नुसत्या वजनावरून मास स्पेक्ट्रोमीटरला (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) दोघं वेगळे ओळखता येत नाहीत, आधी एखादं रसायन चिकटवून खूण करावी लागते. माझी दोन वर्षं या लपंडावात गेली.

फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशींत याचाच एक मिथाइल (एक छोटा कार्बनी गट) लावलेला भाऊ आहे. त्याच्यामुळे रायबोसोम, म्हणजे आरएनए वाचून प्रथिन बनवणारं पेशीतलं यंत्र, वाचताना कधीकधी एका अक्षराने घसरतो, हे २०२३ च्या अखेरीस समोर आलं. त्यातून अपाय झाल्याचं दिसलं नाही, आणि घसरण्याच्या जागेवरची अक्षरं बदलली की घसरणं कमी होतं. पण नोबेल मिळालेल्या रेणूतही असं काही निघतं, यातच तुमचं उत्तर आलं.

मला स्वतःला लशींपेक्षा छोट्या आरएनएची औषधं जास्त थक्क करतात. साखरेच्या दुसऱ्या कार्बनवर फ्लोरिन किंवा मिथॉक्सी गट बसवला की एन्झाइमला तिथे पकडच मिळत नाही. कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरान सुरुवातीच्या दोन डोसांनंतर सहा महिन्यांतून एकदा टोचतात, ते अशा बदलांच्या जोरावर.

तिसरी वाट अगदी उलटी: औषधाला सजवायचं नाही, पेशी स्वतःच्या आरएनएवर मिथाइलच्या खुणा करते त्या थांबवायच्या. त्या करणाऱ्या मेटल-थ्री एन्झाइमला रोखल्यावर उंदरांमधला ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) मंदावला, हे २०२१ मध्ये दिसलं; पुढे माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या. अडचण अशी की निरोगी पेशींनाही त्याच खुणा लागतात. रसायनशास्त्राकडून येत असाल, तर मी इथूनच सुरुवात करायला सांगेन.