गावात फिजिशियन नाही, वडिलांना मुंबईला आणू का?

ताई, वडिलांना पॅरालिसिसचा हलका झटका येऊन गेला, गावच्या ग्रामीण रुग्णालयात फिजिशियन नाही, ते म्हणतात मुंबईला न्या, हे तुमचं वाचून राहवलं नाही. आमचंही रत्नागिरी जिल्ह्यातच अगदी हेच झालंय. बीपीच्या गोळ्या, पथ्यपाणी तुम्हाला माहीतच असेल, ते सोडतो. आणि मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आमच्या इथल्या रुग्णालयाचं नाव घेत नाही. दारातच पदांचा फळा, भिषक म्हणजे फिजिशियन, शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि प्रत्येकापुढे खडूने 'रिक्त'. ड्युटीवर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष भरणारा एक कोवळा एमबीबीएस पोरगा, डिलिव्हरीपासून पोस्टमॉर्टेमपर्यंत सगळं एकटाच बघत होता, त्याच्यावर माझा अजिबात राग नाही. राग आहे तो त्या कारभारावर. दुपारभर साहेबांच्या सहीसाठी बसवून ठेवलं आणि चिठ्ठीवर एकच ओळ, 'पुढील उपचारार्थ मुंबई'. त्रास किती वाजता सुरू झाला, बीपी किती होतं, काय औषध दिलं, काही नाही. मुंबईत परळच्या हॉस्पिटलला पोचलो तर पहिला प्रश्न वेळेचाच! असा झटका मेंदूत रक्ताची गुठळी अडकून आला असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन बघून, आणि रत्नागिरी ते मुंबई सव्वातीनशे किलोमीटर, त्यात आपला हायवे. जवळ सीटी कुठे आहे हे तिथे एकानेही सांगितलं नाही. बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, झटक्याच्या वेळी मुंबई डोक्यातून काढा. चिपळूण, डेरवण, रत्नागिरी, तुम्हाला जे जवळ पडेल तिथे आजच फोन करून विचारा, सीटी रात्री चालू असतो का, हे इंजेक्शन देतात का. १०८ ला फोन केल्यावरही तेच नाव सांगा. अलिबाग, सिंधुदुर्ग, रत्नागिरीला सरकारी मेडिकल कॉलेजं झाली, चांगलंच आहे, पण तालुक्याला स्पेशालिस्ट टिकायचा तर त्याला न गळणारं क्वार्टर द्या, मदतीला दुसरा डॉक्टर द्या, एमबीबीएसच्या नुसत्या १० लाख दंडाच्या बाँडने कोण थांबणार? पोरं वर्ष काढतात आणि पीजीला जातात.

बाकी वडिलांना कायमचं इकडे आणायचं तर त्यांना आधी विचारा, आमचे बाबा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये पार कोमेजले होते. आणि हो, सरकारच्या मोफत उपचारांच्या फुले योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार फाइलमध्येच ठेवा, ऐन वेळी कपाट उचकायला लागतं.