घराचाच राग येतो, ताई

प्रश्न : ताई, आम्ही नागपुरात महालात राहतो. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, विटा-चुन्याचं, सागवानी खांबांचं, कवेलूंच्या छपराचं घर आहे. दिवाळीनंतर दुरुस्ती काढली, ती अजून संपेना. ठेकेदार निम्म्याहून जास्त पैसे घेऊन बसलाय. एक दिवस येतो, मग आठवडाभर गायब. मधल्या खोलीला सिमेंटचा गिलावा केला, तर लगेच पुन्हा ओल आली. स्वयंपाक ओसरीत चाललाय. दीर म्हणतात, पाडून नवीन बांधू. आता हेही तेच म्हणू लागलेत. जुनी दारं काढली तेव्हापासून सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरलाय. मला या घराचाच राग येतो. माझं चुकतंय का?

उत्तर : मुळीच नाही. कणीक मळतानाही परातीवर धूळ पडते, अशा ओसरीत इतके महिने रांधणाऱ्या बाईला राग येणारच.

पण तुमची ती ओल मला जास्त खटकली. जुन्या भिंती जमिनीतलं पाणी वर ओढतात आणि चुन्याचा गिलावा ते हळूहळू हवेत सोडून देतो. त्यावर सिमेंट थापलं की ओलीची वाट बंद होते, ती आणखी वर चढते, भिंतीतला क्षार बाहेर येऊन लोणा फुटतो, पोपडे निघतात. तो गिलावा खरवडून काढा. एप्रिल-मेचं आपलं ऊन भिंतीला मनसोक्त खाऊ द्या, मग चुन्याचं काम येणाऱ्या गवंड्याकडूनच पुढचं करून घ्या. त्याआधी छपराचं पाणी पायाशी मुरतंय का, ते बघा. घराखाली काळी माती असेल तर ती पाण्यानं फुगते, उन्हात आक्रसते, आणि भिंतींना भेगा जातात.

पाडायचं की ठेवायचं, हे दिरांच्या किंवा ठेकेदाराच्या तोंडून ऐकू नका. ज्याला या कामातून दुसरं काही मिळणार नाही, अशा स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन घर दाखवा. त्यानं घर धोक्याचं ठरवलं तर पाडा, मीही आग्रह धरणार नाही. पण ओलीला वैतागून सागवानी खांबांचं घर पाडू नका.

ठेकेदाराला यापुढे एक रुपयाही आगाऊ द्यायचा नाही. राहिलेलं काम कागदावर लिहा, त्याची सही घ्या, जेवढं पुरं होईल तेवढेच पैसे. आणि सगळं घर एकदम उघडून ठेवू नका. आत्ता दोनच कामं : मृग लागायच्या आत कवेलूंची शाकारणी, आणि तुमचं स्वयंपाकघर. बाकीच्या खोल्या दिवाळीपर्यंत थांबल्या तरी चालतील. स्वयंपाकघराचं मात्र कुणी पुढे ढकलू लागलं तर ऐकून घेऊ नका.

आता सासूबाई. काढलेली दारं कुठे आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. अंगणात पडली असतील तर आजच विटांवर उचलून ठेवा आणि झाका. जमिनीला टेकलेल्या लाकडाला उधई लागते. मग कुठलं दार कुठे बसवायचं, ते सासूबाईंनाच विचारा. विचारायला मात्र नवऱ्याला पुढे करा. दारं काढायचं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं असेल, तर अबोला तुम्ही एकटीनं का सोसायचा?