ट्रॅकवर गाणे, की ट्रॅकच्या साथीने?

भुसावळच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: "पुण्यात एका रॉक बँडचा कार्यक्रम ऐकला. मंचावर चौघेच होते, पण व्हायोलिनांचा ताफा आणि आठ-दहा जणांचा कोरस ऐकू येत होता. शेजारचा म्हणाला, ट्रॅक लावलाय. याला मराठीत 'पार्श्वसंगीत' म्हणावे की 'ध्वनिमुद्रित साथसंगत'? आणि आपल्याकडे 'ट्रॅकवर गातो' म्हणतात, ते बरोबर आहे का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांची उत्तरे त्या '-वर' प्रत्ययातच आहेत.

साथीबद्दल बोलताना आपण 'तबल्यावर अमुक, पेटीवर तमुक' म्हणतो. तिथे '-वर' वाजवणाऱ्याची जागा दाखवतो. गाणारा पेटीच्या, तबल्याच्या साथीने गातो. पण मराठीत दुसराही एक '-वर' आहे: ढोलकीच्या तालावर पाय पडतात, पुंगीवर नाग डुलतो. इथे ज्याला '-वर' लागतो त्याची सत्ता चालते आणि उरलेल्याने त्याच्यामागे जायचे असते. 'ट्रॅकवर गातो' मधला '-वर' हा दुसरा. खानदेशातल्या लग्नाच्या वरातीत बँडच्या गाडीवर उभा राहून गाणारा पोरगाही असेच म्हणतो, आणि त्याला हा प्रत्यय कुणी शिकवलेला नसतो. प्रयोग बरोबर आहे, आणि माझ्या मते नेमकाही आहे.

आता 'साथ'. हा शब्द संस्कृत 'सार्थ'पासून आला. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, बरोबर चालणारी माणसे. बरोबर चालणारा तुमच्याकडे पाहत चालतो. तुम्ही थांबलात की थांबतो. गवयाने तान लांबवली की पेटीवाला थबकतो, समेवर येताना तबलजी मान हलवतो. श्रावणात कानबाई या देवीच्या उत्सवाच्या वेळी आमच्याकडे खानदेशात डफावर 'वह्या' नावाची लोकगीते गातात. पुढचा एक ओळ टाकतो, मागचे ती उचलतात. पुढच्याला मध्येच खोकला आला तर मागचे तीच ओळ पुन्हा घेतात आणि त्याला दम घेऊ देतात. मी लहानपणापासून हे पाहत आलो आहे. पोवाड्यात झीलकरी हेच काम करतात. 'री ओढणे' हा वाक्प्रचार आज आपण हांजी हांजी करणाऱ्याला लावतो, पण गाण्यात मागून सूर धरून ठेवणे हे मानाचे काम आहे.

ट्रॅक यातले काहीच करत नाही. रॉक बँडची व्यवस्था साधारण अशी असते: लॅपटॉपमध्ये आधी मुद्रित केलेले भाग असतात, म्हणजे तंतुवाद्ये, जादा आवाज, सिंथेसायझर. त्यांच्याबरोबर ठराविक लयीचा एक ठोका चालू असतो. त्याला वादक 'क्लिक' म्हणतात. तो प्रेक्षकांना ऐकू येत नाही. ड्रमरच्या कानातल्या यंत्रात वाजतो आणि त्या ठोक्याला धरून ड्रमर वाजवतो. हे नवे नाही. 'द हू' हा ब्रिटिश बँड 1971 पासून काही गाण्यांतला सिंथेसायझर मंचावर टेपवरूनच वाजवत असे आणि त्यांचा ड्रमर कीथ मून हेडफोन लावून त्या टेपमागे जात असे. बँडभर लय वाटणारा माणूस, पण लय घेत होता टेपकडून. अशा वेळी साथ कोण कुणाला करते? माझ्या ओळखीच्या एका बँजोवाल्याने अहिराणीत हे फार नेटके सांगितले: "ट्रॅक आपलं आयकस नही, आपलेच त्यानं आयकनं पडस." म्हणून 'साथ' हा शब्द ट्रॅकला लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

यावर एक आक्षेप येईल. तबल्याच्या एकलवादनात लेहरा धरणाराही तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतो, तबल्याला उत्तर देत नाही. तरी आपण 'लेहऱ्याची साथ' म्हणतोच. खरे आहे. पण तबलजीने लय वाढवायची खूण केली की लेहरा धरणारा लय वाढवतो. ओळ ठरलेली असली तरी कान उघडे असतात.

'पार्श्वसंगीत' तर मुळीच नको. तो शब्द चित्रपट-नाटकातल्या प्रसंगामागच्या संगीतासाठी पक्का झाला आहे. 'पार्श्वगायन'ही नको. तसे म्हटले तर मंचावरचा माणूस नुसते ओठ हलवतो असा समज होईल, आणि ती गोष्ट वेगळी आहे. 1990 मध्ये 'मिली व्हॅनिली' या जोडीचे ग्रॅमी पारितोषिक काढून घेतले, ते ध्वनिमुद्रणात त्यांनी स्वतः गायलेच नव्हते म्हणून. याउलट 'क्वीन' बँड 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'चा ऑपेरासारखा मधला भाग टेपवर सोडून सरळ मंचावरून आत जात असे. इतके आवाज चौघांना एका वेळी काढता येत नाहीत, हे लपवण्याचा प्रश्नच नव्हता. या दोन प्रकारांना एकच शब्द वापरला तर चौघा कष्टाळू वादकांवर खोटेपणाचा आळ येतो. आपल्या प्रश्नातल्या बँडवर तो येऊ नये असे मला मनापासून वाटते.

कुणी 'ध्वनिपट्टी' सुचवतात. संगीतात 'पट्टी' म्हणजे काळी एक, पांढरी चार. तिथे गोंधळ होईल. गाणाऱ्याची पट्टी आणि ट्रॅकची पट्टी जुळत नाही, ही तर कराओकेवाल्यांची रोजची अडचण.

मग काय म्हणावे? बोलताना 'ट्रॅक'च. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हा शब्द रुळांसाठीही सर्रास चालतो. ध्वनिमुद्रणात तो आधी तबकडीवरच्या खाचेसाठी आला, मग चुंबकी फितीवरच्या समांतर पट्ट्यांसाठीही. रुळावरची गाडी जशी हवी तिथे वळत नाही, तसेच हे आहे, त्यामुळे शब्द परका वाटत नाही. लिहिताना 'मुद्रित संगीत' लिहावे. 'मुद्रा' म्हणजे शिक्का. 'मुद्रित' म्हणजे शिक्का बसलेले, आणि संस्कृतात मिटलेल्या कमळालाही 'मुद्रित' म्हणतात. आता ज्यात बदल होणार नाही अशा संगीताला याहून चांगले विशेषण मला सापडलेले नाही. फक्त त्याच्यापुढे 'च्या साथीने' जोडू नका. "चौघांनी काही भाग मुद्रित संगीतावर सादर केला" असे लिहा.

लिंगाचे म्हणाल तर आपल्याकडे 'तो ट्रॅक', अनेकवचनही 'ट्रॅक'च: एक ट्रॅक लावला, चार ट्रॅक लावले.