पाचगणी-महाबळेश्वरला जाताना वाईत दोन तास पुरतात का? शूटिंगच्या जागा सोडून तिथे आहे काय?

दोन तासांत ढोल्या गणपतीचं दर्शन होतं, शेजारच्या काशीविश्वेश्वराचा नंदी बघून होतो, घाटावर फोटो निघतात. वाई होत नाही.

आता 'शूटिंगच्या जागा सोडून' याबद्दल. अगदी हेच वाक्य माझे साडू बोलले होते. पुण्याचे आहेत. दिवाळीनंतर आले आणि म्हणाले, "'स्वदेस'मधला घाट तेवढा दाखवा, देवळं काय सगळीकडे सारखीच." नेलं वाईजवळच्या मेणवली गावाला. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट. साडू शाहरुख नेमका कुठल्या पायरीवर उभा होता ते शोधतायत, आणि तिथेच मेणेश्वराच्या देवळाजवळ भलीमोठी घंटा टांगलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी! मी हात धरून नेऊन दाखवली, तर म्हणतात, "शूटिंगवाल्यांनी सोडली असेल इथे."

मी म्हटलं, अहो साडूभाऊ, ही वसईची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा उतरवून आणल्या. तर उलट मलाच, "चर्चची घंटा देवळाला कोण लावेल?" लावली ना! नाशिकच्या नारोशंकराला आहे, भीमाशंकरला आहे. तिथे कुठलं शूटिंग झालं होतं? वाद घाटावर सुरू झाला तो जेवणाच्या ताटावरही चालूच. बायकोने डोळे वटारले म्हणून मी गप्प बसलो, पटलं म्हणून नाही.

गणपतीच्या देवळाचंही तसंच. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. लोक पुढून नमस्कार करतात आणि निघतात. मागे जाऊन बघा. मागची भिंत माशासारखी निमुळती काढलीय, कृष्णेचा पूर आला की पाणी दोन्ही बाजूंना फाटावं म्हणून. मूर्तीइतकंच त्या गवंड्याचंही कौतुक व्हायला हवं, असं माझं मत आहे.

आणि गाव म्हणाल तर ते आळ्यांमध्ये आहे. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह… माघ-फाल्गुनात एकेका घाटावर कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव बसतो. दर आळीला आपलाच उत्सव भारी वाटतो. (आमचाच भारी असतो, तो भाग वेगळा.) संस्कृत शिकवणारी प्राज्ञपाठशाळा १९१६ ची, केवलानंद सरस्वतींनी काढलेली. विनोबा गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन इथे शिकायला आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथेच घडले, आणि मराठी विश्वकोशाचं काम मुंबई-पुणे सोडून या गावात आलं ते त्यांच्यामुळे. एवढं असताना ओळख काय, तर शूटिंगचं गाव!

तेव्हा मुक्काम करा. पाचगणी कुठे पळून जात नाही, पसरणी घाट चढला की आलीच.

हां, मेणवलीचा वाडा खाजगी आहे, आत सोडतील का ते आधी विचारून घ्या. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, नदीला पाणी असेल तर खाली उतरू नका. लहान मुलं बरोबर असतील, उन्हाचे दिवस असतील, तर दोन तासही चालतील म्हणा. पण त्यातला एक मेणवलीला द्या. घंटेचा फोटो मेरी नीट दिसेल असा काढा आणि इथे खाली टाका. साडूंना पाठवायचाय, माझ्या फोटोवर त्यांचा विश्वास नाही.