ह्युंदाईच्या नव्या व्हेन्यूचं कोणतं इंजिन घ्यावं? कोल्हापूर, गारगोटी आणि करूळ घाटाच्या हिशेबाने

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला. राजारामपुरीत घर, रोज गोकुळ शिरगावला जाणं-येणं, शनिवार-रविवार गारगोटीला आई-वडिलांकडे आणि मधूनमधून करूळ घाट उतरून कोकणात. गाडी वहिनीपण चालवणार म्हणून ऑटोमॅटिक पाहिजे, आणि एकदा घेतली की आठ-दहा वर्षं विकायची नाही. ऑक्टोबर २०२५ संपत आलाय, नव्या व्हेन्यूचं बुकिंग सुरू झालंय, ४ नोव्हेंबरला किमती येणार, आणि तू १.२ पेट्रोल, १.० टर्बो आणि १.५ डिझेल या तिन्हींत अडकलायस. वर शोरूमवाला जुन्या मॉडेलवर सूट देतोय.

माझं मत आधीच सांगतो. तुझ्या वापराला डिझेल ऑटोमॅटिक बसतं. किमतीसाठी ४ तारखेपर्यंत थांबायला लागेल, पण इंजिन आवडतंय की नाही हे तू याच आठवड्यात बघू शकतोस. कसं ते खाली येतंच.

मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. सिलिंडर हेड, ब्लॉक यांची कास्टिंग रोज हाताखालून जातात, त्यामुळे नवीन गाडी आली की माझी नजर पहिल्यांदा बॉनेटखाली जाते. या व्हेन्यूत बाहेरून-आतून भरपूर बदललंय. जुन्यापेक्षा ३० मिलिमीटर रुंद, ४८ मिलिमीटर उंच, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २० मिलिमीटरने वाढवून २५२० केलाय. मागे तिघं बसले की खांद्याला खांदा घासायचा, ते थोडं सुटेल. डॅशवर १२.३ इंचाचे दोन स्क्रीन आहेत. पण इंजिनं तीच आहेत. १.२ पेट्रोल ८३ पीएसचं, १.० टर्बो १२० पीएसचं, डिझेल ११६ पीएसचं. दोन्ही पेट्रोल इंजिनं २०१९ च्या पहिल्या व्हेन्यूपासून चालत आलीत, आणि हे १.५ डिझेल २०२० मध्ये बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांच्या वेळी १.४ च्या जागी आलं, नंतर त्याची ताकद वाढवली. लोक यावर नाराज आहेत, ‘एवढी वाट बघायला लावून जुनंच इंजिन?’ म्हणतात. मला मात्र याचाच आनंद आहे. बॉडी, वायरिंग, सॉफ्टवेअर सगळं नवीन असताना इंजिन तरी हजारो गाड्यांत घासून-पुसून निघालेलं असावं.

बॉनेटखाली खरोखर नवीन गोष्ट एकच आहे, डिझेलला पहिल्यांदाच ६ स्पीड ऑटोमॅटिक मिळालाय. आणि तोही फक्त व्हेन्यूला नवा. ह्युंदाई आणि किया एकाच घरातल्या. किया सोनेटमध्ये हेच १.५ डिझेल आणि असाच ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स २०२० पासून आहे. म्हणून म्हणतो, कुणा मित्राची सोनेट डिझेल ऑटोमॅटिक माग, नाहीतर टेस्ट ड्राइव्ह घे. सस्पेन्शन, सीट, आवाज थोडा वेगळा लागेल, पण चढावर गाडी कशी ओढते आणि गर्दीत कशी सरकते याचा अंदाज ९० टक्के तिथेच येईल.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला तुला हायवेवर एक चक्कर मारून आणेल. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. वहिनींना आणि घरातल्या दोघांना घेऊन जा, एसी चालू ठेव, आणि वाघबीळपर्यंत जाऊन पन्हाळ्याकडे चढव. वळणावर वेग कमी झाला की परत एक्सलेटर दाब आणि बघ, गाडी लगेच उठते की आधी ओरडते. मग उतरताना मॅन्युअल मोडमध्ये गिअर खाली घेऊन इंजिन ब्रेकिंग किती मिळतं ते बघ. करूळ घाटात त्याचाच उपयोग होतो.

आता तिन्ही इंजिनांचं बोलू. १.२ ला ११४ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद आहे आणि तो पूर्ण मिळतो ४००० आरपीएमला. गावात एकट्याने फिरणाऱ्याला हे इंजिन उत्तम. चार सिलिंडरचं, मऊ, देखभालीला स्वस्त. पण पाच माणसं, डिकीत कोकणातून आणलेली आंब्याची पेटी, एसी चालू आणि वैभववाडीकडून गगनबावड्याला चढायचं, म्हणजे सेकंड गिअर धरून गाडी ओरडवायला लागणार. शिवाय त्याला फक्त ५ स्पीड मॅन्युअल आहे, त्यामुळे ते तुझ्या यादीतून तसंही गळतं.

टर्बो मजेशीर इंजिन आहे, यात वाद नाही. १७२ न्यूटन मीटर, आणि ते १५०० आरपीएमपासूनच मिळतात. तीन सिलिंडरचं असल्याने थांबलेल्या गाडीत थोडी थरथर जाणवते. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या दर १८० अंशांना एक फायरिंग होतं, तीनमध्ये २४० अंशांना, म्हणून ती थरथर. चालताना विसरायला होतं. माझा प्रश्न त्याच्या गिअरबॉक्सचा आहे. टर्बोला ऑटोमॅटिक हवा असेल तर ७ स्पीड डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, घ्यावा लागतो, आणि तो कोरड्या क्लचचा. मोकळ्या रस्त्यावर इतका चपळ गिअरबॉक्स या किमतीत दुसरा सापडणार नाही. पण नवरात्रात महाद्वार रोडच्या बाजूला किंवा सुट्टीच्या दिवशी पन्हाळ्याच्या चढावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात, तेव्हा प्रत्येक वेळी क्लच अर्धा धरून ठेवला जातो आणि तापतो. डीसीटी नीट वापरणारे लोक आहेत, ते पुढे अंतर सोडून एकदम दहा फूट जातात, इंचाइंचाने सरकत नाहीत. पण मागून हॉर्न मारणारा रिक्षावाला हे समजून घेत नाही. टॉर्क कन्व्हर्टरला ही चिंताच नाही, त्यात ताकद तेलातून पुढे जाते. थोडा आळशी असतो, पण निवांत.

डिझेलची खरी किंमत तुला गारगोटीच्या रस्त्यावर कळेल. आता ऊसतोड सुरू होतेय. इस्पुर्ली, बिद्री, मुदाळ तिट्टा या पट्ट्यात तीन-चार महिने दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असणारच. रात्रीच्या वेळी मागच्या ट्रॉलीला ना लाइट, ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. त्याच्या मागे तू तीस-पस्तीसच्या वेगाने अडकलेला असतोस. समोर मोकळं दिसलं की ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या एका दमात पार कराव्या लागतात, मध्येच मागे येता येत नाही. इथे ८० चा वेग किती झटकन येतो यावर जीव असतो. २५० न्यूटन मीटर १५०० पासून २७५० पर्यंत सपाट मिळतात, म्हणजे नेमके ज्या पट्ट्यात त्या क्षणी इंजिन फिरत असतं तिथे. टर्बोपण ओव्हरटेक करेल, पण गाडी भरलेली असताना त्याला दोन गिअर खाली यावं लागतं आणि त्यात एखादा सेकंद जातो. तो सेकंद मला महत्त्वाचा वाटतो. वरच्या व्हेरियंटमध्ये लेव्हल-२ एडास, म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगला आपोआप मदत करणारी यंत्रणा, आहे, पण अंधारातल्या उसाच्या ट्रॉलीसाठी कॅमेऱ्यावर विसंबू नको. डोळे आणि हायबीम, बास.

डिझेलला विरोध करणारे दोन मुद्दे आणतील. पहिला डीपीएफचा, आणि तो अगदी खरा आहे. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडकवणारा फिल्टर असतो. तो भरला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जादा डिझेल फवारून एक्झॉस्ट तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. यासाठी इंजिन पूर्ण गरम हवं आणि गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत चालायला हवी. रोज दहा किलोमीटर, तेही सिग्नल-सिग्नलने चालवलं, तर हे काम अर्धवट राहतं. मग डॅशवर दिवा लागतो, आणि फवारलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरून डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर घर ते दवाखाना एवढंच डिझेल गाडी चालवायचे, त्यांना वर्षभरात फिल्टरचा खर्च बसला. तू फक्त गोकुळ शिरगावला जाणारा असतास तर मीच तुला डिझेल घेऊ दिलं नसतं. पण दर आठवड्याला गारगोटी, म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, त्यात फिल्टर आपोआप साफ होत राहील. एखाद्या आठवड्यात जाणं झालं नाही तर रविवारी सकाळी निपाणीपर्यंत हायवेने जाऊन ये. दिवा लागलाच तर घरी आलो म्हणून लगेच इंजिन बंद करू नको, तसाच हायवेला काढ.

दुसरा मुद्दा ‘डिझेल गाडी दहा वर्षांत भंगार’. हा दिल्ली परिसराचा नियम आहे. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढे तपासणी करून वाढवता येतं.

पैशाचा हिशेब घाल. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या गाड्यांना, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत, १८ टक्के जीएसटी आहे. म्हणूनच गाडी ३९९५ मिलिमीटरवर थांबवलीय आणि इंजिनं या मापाची आहेत. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिच्या दीड लिटर पेट्रोलला ४० टक्के लागतात, ते याच नियमाने. व्हेन्यूची तिन्ही इंजिनं १८ टक्क्यांत बसतात. पण महाराष्ट्रात रोड टॅक्स डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे. दहा लाखांच्या आत ११ ला १३, दहा ते वीस लाखांत १२ ला १४. बारा लाखांच्या गाडीवर २४ हजार तिथेच जातात. इन्शुरन्सही जरा चढा येतो.

ऑक्टोबर २०२५ च्या दराने कोल्हापुरात पेट्रोल १०४-१०५ आणि डिझेल ९१ च्या आसपास धर. तुझ्या मिश्र वापरात टर्बो डीसीटी १३ चं ॲव्हरेज देईल, डिझेल ऑटोमॅटिक १७ चं. कंपनीचे आकडे जास्त असतात, मी रस्त्यावरचे धरतोय. किलोमीटरमागे अडीच-पावणेतीन रुपये वाचले, वर्षाला १२ हजार किलोमीटर झाले, तर साधारण ३० हजार. ४ तारखेला दोन्हींच्या सारख्या व्हेरियंटच्या ऑन-रोड किमती शेजारी ठेव, फरकाला ३० हजारांनी भाग. जादा पैसे वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते कळेल. उत्तर पाचच्या आत आलं तर बिनधास्त डिझेल घे. पाच ते आठच्या मध्ये आलं तरी मी डिझेलच घेईन, घाटासाठी आणि त्या ओव्हरटेकसाठी. आठच्या पुढे गेलं तर टर्बो घे, आणि त्यातसुद्धा वहिनी तयार असतील तर ६ स्पीड मॅन्युअल घे. ती गाडी फार सुंदर जमून आलीय.

इथेनॉलचं विचारलं होतंस. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतून ते जातं, त्यामुळे इथे ई-२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, शिव्या घालताना लोक जरा अडखळतात. नवीन व्हेन्यूचे पाइप, सील ई-२० साठीच बनवलेत, तिथे धोका नाही. ॲव्हरेजवर मात्र परिणाम होतो. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते, २० टक्के मिसळलं की सहा-सात टक्के ऊर्जा गेली. त्याचा ऑक्टेन जास्त असल्याने नीट ट्यून केलेलं इंजिन त्यातलं थोडं भरून काढतं. वरचं १३ चं ॲव्हरेज मी हे धरूनच सांगितलंय.

जुन्या मॉडेलच्या सुटीचं थोडक्यात: तुला ऑटोमॅटिक डिझेल पाहिजे आणि जुन्यात ते नाहीच, तेव्हा तो विषय संपला. दुसऱ्या कुणाला घ्यायची असेल तर चॅसिस नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते बघूनच सुटीचं बोलावं.

आणि घाई करू नको. ही गाडी तळेगावच्या कारखान्यातून येणार आहे, जो ह्युंदाईने जनरल मोटर्सकडून घेतला, आणि तिथून निघणारं हे पहिलंच मॉडेल. आपल्या पुण्याजवळ बनलेली गाडी म्हणून मला कौतुक आहे. पण मशीन शॉपमध्ये आयुष्य गेलंय, नवीन लाइनचे पहिले लॉट कसे असतात ते बघितलंय. इंजिनाचं काही नसतं, दरवाज्याच्या फटी, डॅशची खुडखुड, स्क्रीन अडकणं असल्या गोष्टी निघतात आणि तीन-चार महिन्यांत त्या बसतात. गुढीपाडव्याला गाडी दारात उभी राहील असं धर. तोपर्यंत तुझी ऊस सीझनमधली गारगोटीची फेरी जुन्या गाडीनेच होईल, तर तिचे टायर आणि हेडलाइट आत्ता बघून घे.

बुकिंगचे २५ हजार भरताना पावतीवर व्हेरियंट, इंजिन, गिअरबॉक्स आणि रंग चारही लिहून घे. डिझेल ऑटोमॅटिक प्रत्येक व्हेरियंटला मिळणार नाही, तेव्हा तुला पाहिजे ती सीट आणि एअरबॅग त्याच व्हेरियंटमध्ये आहेत का ते विचार. किंमत बुकिंगच्या दिवशीची धरणार की डिलिव्हरीच्या, आणि रद्द केलं तर पूर्ण पैसे परत की कापून, हेही तिथेच लिहून माग. सोनेट चालवून आलास की वाघबीळच्या चढावर काय वाटलं ते कळव, मग व्हेरियंटचं बोलू.