जॉर्ज फर्नांडिस रेल्वे युनियनमधून थेट खासदार झाले का?

नाही, क्रम उलटा आहे. आधी खासदारकी, मग रेल्वे.

मंगळूरहून मुंबईत आलेल्या जॉर्जनी बस्तान बसवलं ते टॅक्सीवाले, पालिका कामगार, हॉटेलातली पोरं यांच्या युनियनमध्ये. त्याच जोरावर 1967 ला दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना आडवं केलं. पाटील म्हणजे तेव्हा मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा! 1971 ला मात्र स्वतः पडले.

ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचं अध्यक्षपद आलं 1973 मध्ये. पुढच्याच वर्षी 8 मेपासून देशभर संप. बोनस पाहिजे, पगार इतर सरकारी उद्योगांइतका पाहिजे आणि इंजिनावरच्या माणसाला आठ तासांची ड्युटी पाहिजे. ही शेवटची मागणी मला सगळ्यात रास्त वाटते; कोळशाच्या इंजिनावर सलग बारा-चौदा तास भट्टीसमोर उभं राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे? सरकारनं हजारो लोक आत टाकले, जॉर्जना तर संपाआधीच उचललं होतं. 27 मेला संप मागे घेतला. माझ्या मते तो हरलाच, पण जॉर्जचं नाव देशभर झालं. आणीबाणीत पुन्हा आत गेले आणि 1977 ला तुरुंगातूनच बिहारमधलं मुजफ्फरपूर जिंकलं, तेही तीन लाखांच्या वर मताधिक्यानं.

1989 ला तेच रेल्वेमंत्री! कोकण रेल्वे महामंडळ 1990 मध्ये त्यांच्याच काळात निघालं. आम्हा कोल्हापूरकरांना ती गाडी पकडायला अजून गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडी गाठावी लागते, हा भाग वेगळा.