नकाशावर बांगडा, जाळ्यात जेलीफिश

प्रश्न : ताई, मी रत्नागिरीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑक्टोबरात बांगड्याला कुठलं पाणी मानवतं, याचा नकाशा मी प्रकल्पासाठी 'मॅक्सएंट' हा संगणक प्रोग्रॅम वापरून केला. त्यातल्या लाल पट्ट्यात बाबांनी जाळं टाकलं आणि मिळाली नुसती जेलीफिश. आता रोज जेवताना माझ्या शिक्षणाचा विषय निघतो. माझा नकाशा चुकला का?
– एक वाचक, मिरकरवाडा

उत्तर : चुकलाच असेल असं नाही, पण तो बाबांच्या हातात द्यायची घाई केलीस.

मॅक्सएंट बांगडा सापडल्याच्या नोंदी घेतं, तिथलं तापमान, क्षारता, खोली, हरितद्रव्य बघतं, आजूबाजूच्या समुद्रातल्या हजारो ठिकाणांशी ताडतं आणि नकाशाच्या प्रत्येक चौकटीला 0 ते 1 मधला आकडा देतं. 0.8 म्हणजे दहा फेऱ्यांतल्या आठ भरून येणार, असं नव्हे. हे पाणी बांगडा सापडलेल्या पाण्यासारखं आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यातून तू बहुधा कित्येक ऑक्टोबरांची सरासरी घेतलीस. बाबा गेले एका दिवशी. रोजच्या फेरीसाठी हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्र-माहिती केंद्राचा सल्ला बघावा, तो उपग्रहाच्या ताज्या नोंदींवरून निघतो.

आता माझी फजिती ऐक. शिकत असताना हर्णै बंदरात उतरलेल्या बांगड्याच्या नोंदी मी गोळा केल्या आणि प्रत्येकीपुढे बंदराचेच अक्षांश-रेखांश टाकले. नकाशा देखणा झाला. सगळ्यात गडद लाल ठिपका नेमका लिलावाच्या जागेवर! माझे काका तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "मग आम्ही एवढं डिझेल जाळून जातो कशाला?"

तुझ्या नोंदी कुठून आल्या, ते आधी बघ. त्या बंदराच्या असतील तर माझाच नकाशा तू पुन्हा केलास. होड्या जिथे जातात तिथल्याच असतील, तर प्रोग्रॅमने माशाची नव्हे, होड्यांची आवड शिकलेली असते. तुलनेचे ठिपकेही मग होड्या फिरतात त्याच पट्ट्यातून घ्यावेत. (लेपासारखा तळाचा मासा कधी घेतलास तर पृष्ठभागाचं तापमान वापरू नकोस, ही चूक मी थिसिसमध्येही पाहिली आहे.)

पावसाळ्याचा नकाशा मात्र करू नकोस. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे नोंदी जवळपास नाहीत. आणि ढगांतून समुद्राचा रंग दिसत नाही, म्हणून हरितद्रव्याचे आकडेही तुटक. दोन्हीकडून अंधार असतो, तरी पडद्यावर रंग उमटतातच.

बाबांनी आणलेली नोंद मात्र लाखमोलाची आहे. रिकाम्या जाळ्याची नोंद सहसा कुणी ठेवत नाही. मॅक्सएंट ती वापरत नाही, पण तयार नकाशा तपासायला तीच लागते, आणि पुरेशा जमल्या तर मासा मिळाल्याच्या आणि न मिळाल्याच्या दोन्ही नोंदी वापरणारी 'गॅम'सारखी सांख्यिकी पद्धत वापरता येते. तेव्हा एक वही कर. तारीख, वेळ, जीपीएसचा आकडा, पाणी किती वाव खोल, कुठलं जाळं, काय आलं, काय नाही आलं. बाबांना जेवण झाल्यावर विचार, आधी नको. जेलीफिशची ती जागा पहिल्या ओळीत लिही.